शेवंतीचं पत्र

टोकियोच्या परदेश-परवाना कचेरीतल्या ताचिकावा साहेबांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, जपानी रिवाजाप्रमाणे पत्राच्या सुरुवातीला येणारं ऋतुवर्णन. दुसरी, अमेरिकेला जाणाऱ्यांचा आकडा दर महिन्याला एकाने तरी उतरलाच पाहिजे, हा नियम. अमेरिकेला जपानी लोक कमीच हवेत, म्हणून अमेरिकन वकिलातीला ते फार आवडतं, असं त्यांचं म्हणणं. गेल्या महिन्यात त्रेचाळीस परवाने दिले, म्हणून या महिन्यात बेचाळीस झाले की बाकीचे अर्ज कपाटात बंद.

त्रेचाळिसावा अर्ज इने नावाच्या बाईचा होता. नवरा कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यावर. ती वाकायामाहून टोकियोला तिसऱ्यांदा आली होती.

"लग्नाला आठ वर्षं झाली, दादा," ती कुवाबारा कारकुनाला म्हणाली. "संसार बावीस दिवसांचा. आता तो लिहितो, येत नसशील तर तसं कळव. काय कळवू?"

कुवाबाराने ते बावीस दिवस अर्जात लिहून घेतले. पण साहेबांपुढे बोलायची सोय नव्हती.

त्याने वकिलातीचं मासिक पत्र लिहायला घेतलं. पाऊण पान शेवंतीचं कौतुक केलं आणि खाली, सरळ चेहऱ्याने, 'त्रेचाळीस' लिहिलं. साहेबांनी शेवंती दोनदा वाचली, दवबिंदूंच्या जागी धुकं घातलं आणि खूश होऊन शिक्का मारला. ऋतुवर्णनाच्या खाली उतरायची त्यांना सवयच नव्हती.

आठवड्याने वकिलातीचं उत्तर आलं. त्रेचाळीसबद्दल आभार मानून तो आकडा त्यांनी वॉशिंग्टनलाही कळवला होता.

साहेबांनी नोंदवही उघडली आणि ते पांढरेफटक पडले. "अरे, आपण तर बेचाळीसच दिले."

"चूक झाली खरी," कुवाबारा मान खाली घालून म्हणाला. "दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतो. कारण काय देऊ? साहेबांनी न वाचता शिक्का मारला, असं?"

साहेबांनी नोंदवही मिटली.

"त्या वाकायामाच्या बाईचा अर्ज आण."

अर्ज मात्र त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. बावीस दिवसांपाशी जरा थांबले. मग शिक्का उठला. बाहेर बाकावर बसलेल्या इनेने परवाना दोन्ही हातांनी घेतला. तिने सुक्या पर्सिमन फळांची पुरचुंडी कुवाबाराच्या हातात कोंबली.

पुरचुंडी घेऊन तो आत आला, तर साहेब त्याच्याकडे रोखून बघत होते. नोकरी गेली, असं त्याने गृहीतच धरलं.

"कपाटात अशा अजून किती आहेत रे?"

"दोघी, साहेब."

साहेबांनी एक पर्सिमन उचललं.

"मग पुढच्या पत्रात बर्फाचं वर्णन चांगलं दोन पानं होऊ दे. त्याच्या खाली मी उतरणार नाही."