सौंदर्याच्या पोटरीवरचा डाग

निशिगंधा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नर्स होती. पाठीवर एकेक सॅक टाकून बालीला जायचं, असं तिनं आणि तिची मैत्रीण सौंदर्यानं मिळून ठरवलं होतं. निशिगंधाला रजा मिळाली नाही. सौंदर्या एकटीच गेली आणि तीन आठवड्यांनी पोटरीवर चटका घेऊन परतली. भाड्यानं घेतलेल्या स्कूटरचा सायलेन्सर लागला होता.

"आली न्हाईस त्येच बरं झालं," दवाखान्यात निशिगंधाकडून ड्रेसिंग करून घेताना सौंदर्या म्हणाली. "एका खोलीत बारा जणी, गादीत ढेकूण. झोक्यावर बसून एक फोटो काढायला दोन तास रांग. समुद्रात पाय घातला तर प्लास्टिकच्या पिशव्या. रविवारी रंकाळ्यावर असतीय, तसली गर्दी हाय सगळीकडं."

निशिगंधा मान हलवत राहिली. पण तिला त्या ढेकणांचाही हेवा वाटत होता. तीन आठवडे सौंदर्यानं तिकडून पाठवलेले फोटो तिनं दवाखान्याच्या याच खोलीत, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात पाहिले होते.

"डाग राहील का गं?" सौंदर्यानं विचारलं.

एक ठरावीक मलम नेमानं लावलं तर वर्षभरात तो पुसट होईल, हे निशिगंधाला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "राहील बहुतेक."

"ऱ्हाऊ दे की. बालीची आठवण हाय ती," सौंदर्या हसून म्हणाली.

निशिगंधानं पट्टी घट्ट आवळली. सौंदर्या कळवळली, तेव्हा तिनं पट्टी सोडून पुन्हा नीट बांधली. मलमाचं नाव मात्र सांगितलं नाही.