दोन गाठींची रिबीन

मी एक जुनी तांबडी रिबीन आहे. मित्रांनो, माझा रंग आता विटला आहे, पण माझ्या दोन्ही टोकांच्या गाठी अजून पक्क्या आहेत.

गिरणीतून निघाले तेव्हा मी चांगली झुळझुळीत होते. एका भेटवस्तूच्या खोक्यावर फूल होऊन बसले. खोकं उघडलं आणि मी केरात जाणार, तेवढ्यात या घरातल्या नणंदेने मला उचललं. ती आणि तिची वहिनी मिळून अनेक भागांची एकच कादंबरी वाचत होत्या. सावली नसलेल्या मुलावर एका मुलीचा जीव जडतो, अशी काळोखी गोष्ट. कोण कुठवर वाचलं याची खूण म्हणून नणंदेने माझ्या टोकांना गाठी मारल्या.

"वरची तुझी, खालची माझी. आणि पुढे जाईल तिने भाग संपला की थांबायचं."

"प्रेमच करायचं तर भुतावर कशाला?" सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या. "माणसं काय कमी छळतात?"

दोघी हसून बेजार व्हायच्या. ते माझे कौतुकाचे दिवस!

पहिला भाग संपला. दुसऱ्याचं शेवटचं प्रकरण वहिनीचं राहिलं आणि तिला कळा सुरू झाल्या. मग बाळ आलं. ते शांत झोपलं तरी वहिनी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. मला पुस्तकासकट तिने कपाटावर ठेवून दिलं. "असलं काळंबेरं बाळाजवळ नको." तिची गाठ मागे, नणंदेची शेवटच्या पानावर. मधल्या मध्ये मी धूळ खात पडले.

एके दिवशी नणंद नाचतच आली. "वहिनी, पुढच्या आठवड्यात तिसरा भाग येतोय! मी आधीच घरपोच मागवून ठेवलाय."

वहिनी दुपट्यांच्या घड्या घालत होती. "तू वाच गं. मला आता साध्या शिंकेचाही धसका बसतो."

नणंदेचा चेहरा उतरला. "तुझी गाठ अजून मागे आहे. पुस्तक आलं तरी मी उघडणार नाही. राहू दे तेही कपाटावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीने मला खाली काढलं, बाहीने पुसलं. बाळाला मांडीवर घेऊन ती हळू आवाजात वाचू लागली. भीतीची जागा आली तशी ती थबकली, बाळाकडे बघू लागली. त्याने मला पकडून तोंडात घातलं आणि ते खुदकन हसलं. त्याला भूत कुठलं कळणार? त्याला आईचा आवाज कळत होता.

"तुला काहीच वाटत नाही का रे, लबाडा?" म्हणत तिने पुढे वाचलं. शेवटच्या ओळीत तो मुलगा विचारतो, तुझी सावली मला देशील? बस्स. पुस्तक संपलं.

"अगं, इथे कोणी संपवतं का!" वहिनी ओरडली.

नणंद दारातच उभी होती. "आणि मी इतके महिने हे एकटी पोटात धरून बसलेय!"

आता माझ्या दोन्ही गाठी एकाच पानावर आहेत, आणि दाराची घंटा वाजली की तिसरा भाग आला का म्हणून आधी दाराकडे बघते ती वहिनी.

मित्रांनो, पुस्तकाच्या पानाचा कान दुमडू नका. एखादी रिबीन, दोरा, काहीही चालेल. आणि बरोबरीचं कुणी मागे राहिलं असेल, तर त्याची गाठ सोडू नका. थोडं थांबा. आमची नणंद थांबली, तसं.