सातव्या पानावरचा खडक

तिन्ही होड्यांतले कंदील ठरल्याप्रमाणे मालवलेले होते, तंबोरा जुळवून झाला होता आणि गाणाऱ्या शेवंतीबाई पदर सावरून, ओठ मिटून बसल्या होत्या. पण समोर, जिथे आपल्याखेरीज कोणी असू नये तिथे, काळोखात आणखी होड्या उभ्या होत्या. किती, ते दिसत नव्हते. त्यांच्या फळ्यांवर पाणी आपटल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच कोणाचे तरी दाबलेले हसू.

मार्गशीर्षातली अमावस्या होती, साल १८९५. गिरगावच्या किनाऱ्यावरून दिवस मावळण्यापूर्वीच निघावे लागे, कारण इथे येण्याची वाट उजेडातच सापडत असे. बैठकीच्या निमंत्रितांपैकी एक वृद्ध गृहस्थ हलकेच खाकरले. कमलाकांत वेलकराला ते खाकरणे प्रश्नासारखे वाटले. त्याने मागे वळून सुकाणूपाशी बसलेल्या हरेश्वर कोळ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा दिसत नव्हता.

तिकडून ढोलकीवर थाप पडली आणि त्या थापेबरोबर वीसएक वल्ही एकदम पाण्यात गेली. पाणी पेटले. निळसर, थंड उजेडाच्या लांब जखमा समुद्रावर उमटल्या आणि त्यांत क्षणभर सहा होड्या दिसल्या, माणसांनी गच्च भरलेल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसरी थाप, पुन्हा वल्ही. तिसरी, चौथी.

ही कल्पना कमलाकांताची होती. हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री पाणी ढवळले की पेटते, हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्या उजेडावरून ते मासळीचा थवा ओळखत. पण त्या उजेडाला गाण्याशी बांधावे, हे कमलाकांताला सुचले. विलंबित ख्याल चालू असताना वल्ही पाण्याबाहेर धरायची आणि फक्त समेवर, सगळ्यांनी मिळून, एकदाच बुडवायची. एका समेपासून दुसऱ्या समेपर्यंत पूर्ण काळोख. त्या काळोखात माणसे श्वास आवरून बसत. खरी बैठक त्या वाट पाहण्यात होती, असे त्याला वाटे. गेल्या हिवाळ्यात अशा चार बैठका झाल्या, आणि सॉलिसिटरच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या दस्तऐवजांच्या नकला करणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात प्रथमच स्वतःचे असे काही सापडले होते.

"कोण, वेलकरसाहेब का?" समोरून आवाज आला. "या, या! लाजू नका. जागा आहे."

आवाज दौलतचा होता. लालबागेत गिरणीकामगारांसाठी तमाशाचे तंबू ठोकणाऱ्या या माणसाचा आवाज कमलाकांताने त्या तंबूंबाहेर ऐकलेला होता.

"ही जागा तुम्हांला कोणी दाखवली?" कमलाकांताने विचारले.

"तुम्हीच की! पुस्तक वाचलं ना साहेब. काय सोपं करून लिहिलंय! पान सातवं तर आमच्या होडीच्या तांडेलानं पाठच केलंय. ताड आणि कळस एका रेषेत आले की थांबायचं. थांबलो."

पुन्हा ढोलकी. वल्ही आता दर थापेला पडत होती, आणि सतत ढवळून पाण्याचा उजेड फिका होत चालला होता. दौलतच्या होडीतले कोणीतरी ओरडले, "अरे, विझलं काय? अजून जोरात मारा!"

"कमलाकांतराव," शेवंतीबाई शांतपणे म्हणाल्या, "ढोलकीवर ख्याल म्हणायला सांगणार असाल, तर आधी मला किनाऱ्यावर सोडा."

होडीत कोणीतरी हसले. मग सुकाणूपासून एकच शब्द आला.

"पुस्तक?"

"उद्या बोलू, हरेश्वर," कमलाकांत म्हणाला.

हरेश्वराने होडी वळवली. वल्ह्यांचा उजेड दोन्ही बाजूंनी मागे सुटत होता, पण त्याच्याकडे आज कोणाचे लक्ष नव्हते.

त्या पुस्तकाचे असे झाले होते. पहिल्याच हिवाळ्यानंतर ठाकूरद्वारच्या एका शेटजींनी बागेतल्या हौदात कागदी होड्यांवर दिवे लावून त्याला 'जलबैठक' हे कमलाकांताचेच नाव दिले. कमलाकांताला चार दिवस अन्न गोड लागले नाही. हौद तो काय, पण आज हौद आहे, उद्या समुद्र असेल. वेलकरांच्या घरात तीन पिढ्या कचेरीची लेखणी चालली होती. गिरगावातली त्यांची वाडी आजोबांच्या हातच्या एका कागदावर टिकून होती. ज्यांच्याजवळ तसा कागद नव्हता त्यांच्या वाड्या गेल्या. जे लिहिले गेले आणि सरकारात नोंदले गेले ते आपले, बाकीचे वाऱ्यावरचे, ही त्या घराची श्रद्धा देवघराइतकीच जुनी होती.

म्हणून त्याने 'जलबैठकीची पद्धत' नावाचे सोळा पानांचे पुस्तक लिहिले. दस्तऐवजात चतुःसीमा मोघम ठेवली की पुढे भांडण लागते, हे तो रोज पाहत होता. त्यामुळे त्याने मोघम काही ठेवले नाही. तिथी लिहिल्या, भरतीची वेळ लिहिली, वल्ही किती व कशी धरावी ते लिहिले. आणि सातव्या पानावर जागा लिहिली: वाळकेश्वरच्या टेकडीवरचे एकटे ताडाचे झाड व त्यामागच्या देवळाचा कळस एका रेषेत यावेत, आणि डाव्या हाताला लाल कौलांच्या बंगल्याचे छप्पर टेकडीच्या कडेला टेकावे. तिथे पाण्याखाली खडक आहे, लाट मंद होते आणि पाणी सर्वांत अधिक पेटते. पुस्तक छापून झाले, नियमाप्रमाणे तीन प्रती सरकारात गेल्या आणि नोंद झाली. छापखानेवाल्याने उरलेल्या प्रती विक्रीला ठेवल्या.

मुद्रिते तपासत असताना त्याची पत्नी सुमती शेजारी तांदूळ निवडत बसली होती. त्याने तिला सगळे वाचून दाखवले. तिने सूप खाली ठेवले.

"एवढं सगळं सांगून टाकलंत," ती म्हणाली, "मग तुमच्यापाशी उरलं काय?"

"हक्क," तो म्हणाला होता.

त्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने ते पुस्तक हेडक्लार्क गणपतरावांपुढे ठेवले. गणपतराव पस्तीस वर्षे कायद्याच्या सहवासात काढलेले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावून सोळाही पाने वाचली, मध्ये दोनदा तपकीर ओढली.

"भाषा उत्तम आहे," ते म्हणाले. "दौलतने हे पुस्तक पुन्हा छापलं का?"

"नाही. पण पुस्तकात लिहिलं आहे तेच तो करतो आहे. अक्षरशः!"

"मग तो तुमचा सर्वांत आज्ञाधारक वाचक आहे."

"गणपतराव, थट्टा नको. माझी नोंद आहे."

"नोंद शब्दांची आहे, वेलकर. हे शब्द कोणी चोरले तर आपण त्याला आजच नोटीस धाडू. पण तुम्ही लाडवांची कृती छापलीत आणि त्याने लाडू वळले. लाडू वळले म्हणून कोर्ट कोणाला बोलावत नाही."

"आणि समुद्रातली जागा?"

"समुद्र तुमच्या वाडीत येतो का?" गणपतरावांनी पुस्तक मिटून परत दिले. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही लिहिलं नसतं, तर तो अजून किनाऱ्यावर चाचपडत असता. घरी जा. डोकं दुखतं आहे असं साहेबांना मी सांगतो."

कमलाकांत घरी गेला नाही. चौपाटीच्या टोकाला, वेलकरांच्या जुन्या नारळीच्या बागेला लागून, हरेश्वराच्या घराण्याची जाळी वाळत घालण्याची पट्टी होती. लहानपणापासून तो तिथे येत असे. आज जाळी काठ्यांवर तशीच पडलेली होती आणि हरेश्वर वाळूत बसून एका वल्ह्याला सुतळी आवळत होता. त्याची बायको गुणवंती टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. एरवी ती या वेळी बाजारात असे.

"या, राव," ती म्हणाली. हरेश्वराने मान वर केली नाही.

"आज बाजार नाही?"

"काय घेऊन जाऊ बाजारात? पहाटे हे खडकावर गेले, तर कुलाब्याच्या चार होड्या आधीच गळ टाकून बसलेल्या. काल तुमच्या त्या ढोलकीवाल्याबरोबर त्यांचेच तांडेल होते ना! घोळ मासळी तिथंच लागते, राव. थंडीत दुसरीकडे काय मिळत नाय तेव्हा आमच्या तीन घरांची चूल त्या खडकावर चालते."

कमलाकांताला हे ठाऊक नव्हते. खडक त्याच्या लेखी उजेडाची जागा होता.

"मला तू सांगितलं नाहीस, हरेश्वर," तो म्हणाला.

उत्तर गुणवंतीनेच दिले. "सांगितलं नाय? तुमाला खूण सांगितली, यापरास आणखी काय सांगायचं? माझ्या सासऱ्यानं ती ह्यांना कुठं सांगितली, ठाऊक हाय? होडीत. खडकावर. जमिनीवर खूण तोंडातून काढायची नसते आमच्यात. सासरा आजारी पडला तेव्हा धाकट्या दिराला सांगायची राहिली होती, तर म्हाताऱ्याला उचलून होडीत नेला. ताप अंगात. पण घरात नाय सांगितली. मला अजून माहीत नव्हती, राव. या घरात येऊन वीस वर्षं झाली. आज सकाळी रस्त्यावर एका भय्यानं मला वाचून दाखवली."

तिने टोपलीखालून पुस्तकाची प्रत काढून वाळूत ठेवली. कोपरे ओले झाले होते. सातव्या पानाशी कोणीतरी माशाचा वाळका पर खुणेला घातला होता.

"मी ते आपल्या बैठकीचं रक्षण व्हावं म्हणून केलं," कमलाकांत म्हणाला. हे वाक्य त्याने वाटेत जुळवले होते. इथे, जाळ्यांच्या वासात, ते त्याला दस्तऐवजातल्यासारखे वाटले.

"तुमच्या बैठकीचं," गुणवंती म्हणाली.

हरेश्वराने सुतळीला गाठ मारली, दातांनी टोक तोडले.

"आज पाटलाकडं पंचायतीला बसायचं हाय," तो प्रथमच बोलला. आवाजात राग नव्हता. "विचारतील, खूण कोणी फोडली."

"मी येतो. मी सांगतो त्यांना की चूक माझी."

"काय सांगाल?" गुणवंती हसली. "लिहून आणाल?"

भरती लागत होती. कमलाकांताने पाहिले: लांबवर, टेकडीवर, ते एकटे ताडाचे झाड भर दुपारी उघडे उभे होते, आणि इथून पाहता कळस त्याच्या बराच उजवीकडे होता. कोणालाही दिसेल असे. आता कोणीही वल्हवत जाऊन ती दोन्ही एका रेषेत आणू शकत होते. पुढच्या अमावस्येला दौलत दहा होड्या आणील. पौषात, माघात दुसरेही येतील. आणि त्याच्या तीन होड्यांतली माणसे, समेची वाट पाहत काळोखात बसणारी, पुन्हा येणार नाहीत. येतील ती दुसऱ्याच कोणाकडे.

त्याच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती येताच त्याला हलके वाटले.

"हरेश्वर," तो पुढे वाकून म्हणाला, "तुम्हां लोकांना एकच जागा ठाऊक असेल असं नाही. दुसरा खडक असेलच. पाणी तसंच पेटणारा."

गुणवंती टोपलीवरून उठली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "जमिनीवरच विचारतायत."

"बरं, इथे नको," कमलाकांत घाईने म्हणाला. "होडीत सांग. आत्ता निघू. तुझ्या रीतीप्रमाणे, पाण्यावर. आणि या वेळी मी एक अक्षर लिहिणार नाही, शपथ घेतो. बैठक पुन्हा सुरू होईल. शेवंतीबाई येतील, वल्ही तुझ्याच माणसांची. चलतोस?"

हरेश्वर उभा राहिला. त्याने कमलाकांताकडे पाहिले, लहानपणी नारळ पाडायला आलेल्या वेलकरांच्या मुलाकडे पाहावे तसे, न रागावता, थोडा वेळ. मग दुरुस्त केलेले वल्हे खांद्यावर घेतले, दुसऱ्या हाताने वाळूतले पुस्तक उचलून कमलाकांताच्या हातात दिले, आणि वाळणाऱ्या जाळ्यांमधून पाटलाच्या घराच्या दिशेने चालू लागला.