न धुतलेला दगड

“ह्याला पाणी लावायचं न्हाई,” शिपाई शिवप्पा म्हणाला आणि विभागप्रमुख विरूपाक्ष साहेबांच्या पुढ्यातली बादली त्यानं मागं ओढली.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती. उदगीरच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेतले दोनशे दगड सकाळपासून धुऊन व्हरांड्यात वाळत घातले होते. एकच राहिला होता.

“मामा, बुरशी आलीय त्याला. समिती काय म्हणंल?”

“बुरशी न्हाई साहेब. शिसं, बिस्मथ अन् गंधक हाय. ज्वालामुखीच्या भेगेतनं गरम वाफ निघती. ती दगडावर निवली की असे केस धरतेत. सल्फोसॉल्ट म्हणतेत. लई दुर्मीळ.”

“वाफेतनं तर इडली बी निघती. दहावी नापास माणूस मला शिकवून राहिला!”

“हाव, नापासच हाय. पण तीस वर्षं ह्यायला पुसून राहिलो. तुमी मागच्या साली आलाव.”

जुन्या सरांनी दूरच्या एका बेटावरून असे दोन तुकडे आणले होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिवप्पानं त्यातला एक नळाखाली धरला. दिवाळीची भांडी घासावीत तसा मन लावून धुतला. पांढरा थर विरघळला आणि त्यावरचे करडे केस मोरीत गेले. घरी येऊन त्यानं बायकोला, रत्नम्माला सांगितलं, तर तिनं ताटच वाढलं नाही.

“आधी सरांना सांगून या. मग जेवा.”

सरांनी मेमो दिला. तो घेऊन आल्यावर तिनं गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, “दुसरा हाय न्हवं? पूजेत इष्टलिंग धरतो तसा धरत जावा. डाव्या तळहातावर. श्वास आवरून.”

तेव्हापासून तो तसाच धरत आला होता.

गेल्या श्रावणात रत्नम्मा गेली. अंत्यविधीला आलेल्या जंगमस्वामींनी सांगितलं तसं त्यानं तिच्या गळ्यातलं इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटली. बोटं थंड होती. मिटायला वेळ लागला.

“धुवा, न्हाईतर मेमो काढतो,” साहेब म्हणाले. “रिटायरला दोन महिने राहिलेत. कशाला डाग लावून घेता?”

“काढा की. लिवा, शिवप्पानं सांगून बी दगड धुतला न्हाई. पहिला मेमो धुतल्याबद्दल हाय, दुसरा न धुतल्याबद्दल होऊ द्या. जोडी लागंल.”

साहेब तरातरा ऑफिसात गेले. शिवप्पानं बादली उचलून बाहेर लिंबाच्या बुडाशी रिकामी केली. मग आत येऊन तो दगड डाव्या तळहातावर घेऊन स्टुलावर बसला. ठेवला खाली, अन् कुणी नेऊन नळाखाली धरला तर?

अर्ध्या तासानं साहेब कागद घेऊन आले आणि त्यांनी पंखा लावला.

“मिळाला म्हणून सही करा.”

“आधी पंखा बंद करा. अन् कागद धरा. माझा एकच हात मोकळा हाय.”

साहेब पंखा बंद करून आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कागद टेबलावर दाबून धरला. शिवप्पानं सावकाश पूर्ण नाव लिहिलं. डावा हात हलला नाही.

साहेब वाकून तळहाताकडं बघू लागले. केसांपेक्षा बारीक, करड्या चांदीसारखं काहीतरी उभं होतं.

“श्वास,” शिवप्पा म्हणाला.

साहेबांनी श्वास आवरला.