प्रतीक्षा यादीत पहिली

रॉझ ॲक्रॉइडला एकाच सकाळी दोन उमेदवाऱ्या मिळाल्या आणि मला एकही नाही. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच किटलीतला चहा पितो, आणि त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोघींनी आपापला फोन उघडला होता. तिला लंडनचं एक मोठं चेंबर, म्हणजे बॅरिस्टरांचं सामायिक ऑफिस, बोलावत होतं आणि लीड्सचं एक जुनं चेंबरही. लीड्सला जागा एकच. मलाही लीड्सचीच मेल आली होती: नेरिस प्रिचर्ड, आपण प्रतीक्षा यादीत पहिल्या आहात. म्हणजे रॉझ नाही म्हणाली, तरच मी.

रॉझला मी एवढंच सांगितलं, की यंदाही नाहीच.

बॅरिस्टरची परीक्षा पास झालं, झगा घालून फोटो काढला, की लोकांना वाटतं झालं. पण कुणा जुन्याजाणत्या बॅरिस्टरच्या हाताखाली उमेदवारी केल्याशिवाय कोर्टात तोंड उघडता येत नाही. आणि पाच वर्षांत ती मिळाली नाही, तर पास झालेलीही परीक्षा बाद. माझं हे पाचवं वर्ष. तोवर मी एका वकिलाच्या ऑफिसात झेरॉक्स काढते.

हे वेल्समध्ये माझ्या आईला कोण समजावणार?

"त्या मॉर्गनबाईंची मुलगी दातांची डॉक्टर झाली," मॅम, म्हणजे माझी आई, फोनवर म्हणाली. "तिनं लोकांचे दात उपटायला सुरुवातसुद्धा केली. तू नुसता फोटो काढलास."

"मॅम, उमेदवारी मिळाल्याशिवाय उभं राहता येत नाही गं."

"मग मिळव की! लहानपणापासून तोंड तर एक मिनिट बंद नव्हतं तुझं."

उत्तर द्यायला उमेदवाराला आठवडा मिळतो, आणि रॉझने तो पुरेपूर वापरला. हातातोंडाशी आलेला माझा घास तिच्या ताटात होता, आणि ती भूक नसल्यासारखी नुसता चमचा फिरवत बसली होती. मला तिच्या गुणगुणण्याचाही राग यायला लागला.

शेवटच्या सकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"आज अकरापर्यंत कळवायचंय. नेरिस, तूच सांग. कुठलं घेऊ?"

लंडनच्या बाजूचं भाषण माझ्याकडे आठवडाभर तयार होतं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"लंडनला पैसे दुप्पट," मी सुरू केलं.

"हं."

"नाव मोठं."

"हं. आणि?"

ती माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होती, की माझी गाडी तिथेच अडली. आमच्या धंद्यात पहिलाच धडा हा असतो: जिथे आपला स्वार्थ, तिथे सल्ला द्यायचा नाही. द्यायचाच तर आधी स्वार्थ उघड करायचा. या धड्यात मला पैकीच्या पैकी मार्क होते. आग लागो त्या मार्कांना.

"मी नाही सांगू शकत, रॉझ. लीड्सच्या यादीत तुझ्यामागे मी आहे."

तिने कप खाली ठेवला. "आणि आठवडाभर मूग गिळून बसलीस?"

"तू विचारलं नाहीस."

"हे पाचवं ना तुझं?"

"हो."

ती खिडकीबाहेर बघत बसली. आता ही म्हणेल, मग लीड्स तूच घे, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मी मनातल्या मनात तिथे घरसुद्धा भाड्याने घेतलं.

"बरं झालं सांगितलंस," रॉझ म्हणाली. "आता सगळं उघड झालं. अशिलाला माहीत असून चालत असेल, तर सल्ला देता येतो. हाच नियम ना? मला चालतंय. सांग."

"नको गं."

"दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही. सांग ना."

त्या क्षणी मला तिचा मनापासून तिरस्कार वाटला. तिचे वडील हॅलिफॅक्सला खाटीक होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा एक हात लुळा पडला, आता ते एकटेच असतात, आणि जमेल तेव्हा ती बसमध्ये रात्र काढून त्यांच्याकडे जाते. हॅलिफॅक्स लीड्सपासून हाकेच्या अंतरावर. अनाथ मुलांच्या खटल्यांबद्दल बोलताना तिचा चेहरा फुलतो, आणि लीड्सला नेमकं तेच काम. लंडनचं चेंबर जहाजांच्या विम्याचं. त्या मुलाखतीची तयारी तिने जांभया देत केली होती. शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"लीड्स घे," मी म्हटलं.

"का?"

कारणंही हवी होती बाईसाहेबांना! मग मी दिली. वडील, मुलं, जांभया, एकामागून एक, न्यायाधीशासमोर मांडावीत तशी. माझा आवाज एकदाही कापला नाही. ऐकता ऐकता रॉझ रडायला लागली. रडत रडतच तिने लॅपटॉप ओढला आणि लीड्सला हो कळवलं.

मग टेबलाला वळसा घालून ती आली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला माझा फोन दिसत होता. जरा वेळाने तो उजळला. लीड्सहून मेल होती. उघडायची गरज नव्हती.

"नेरिस," ती माझ्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "तू फार चांगली बॅरिस्टर होशील गं."