सातव्या नंबरचा बांबू

आमच्या ऋतुराजचं बाकी सगळं चांगलं, पण त्याचं ते "चालतंय आजी" ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. परवा पाव्हणे यायचे होते. त्याला म्हटलं, सिलिंडर उचलून बघ, गॅस किती राहिलाय. मोबाइलमधून मान वर न करता हा म्हणतो, "आहे गं अजून, चालतंय." आणि भर दुपारी, डाळ अर्धी कच्ची असताना गॅस गेला! पाव्हण्यांना मी शहाड स्टेशनाबाहेरचे वडापाव वाढले. माझ्या घरी! लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारी सांगायला बसली. थांबा जरा.

ऋतुराजची नोकरी साधीसुधी नाही. हिमालयात बर्फाच्या नद्या आहेत, हिमनद्या म्हणतात त्यांना. जग तापतंय तशा त्या वितळतायत. किती वितळतायत, ते मोजायचं काम माझा नातू करतो. बर्फात भोक पाडून पाच मीटरचा अख्खा बांबू आत घालायचा आणि वर्षाने जाऊन बघायचं. जेवढा बांबू उघडा पडला, तेवढा बर्फ गेला. महिनाभर तिकडे राहून आला तेव्हा नाकाची सालं निघालेली. मला त्याचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी तो लॅपटॉपवर फोटो दाखवत होता. माझी शाळा दुसरीपर्यंतच, पण आकडे मला कळतात. बसचे नंबर वाचण्यात जन्म गेलाय. एक ते सहा नंबरचे बांबू ताठ उभे. सातवा, सगळ्यात खालचा, बर्फावर आडवा.

"हा का निजलाय?"

"पडला गं."

मग त्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाठवायचा तक्ता उघडला. त्यात सातासमोर आकडा होता, ३.९ मीटर.

"पडलेल्याचं माप कुठून काढलंस?"

मग म्हणाला, "सहाचं बघून टाकलं. खाली जास्त वितळतं म्हणून थोडं वाढवून. चालतंय आजी, एवढ्या वर कोण बघायला जातंय?"

पुन्हा तेच! मी लॅपटॉप बंद केला आणि म्हटलं, सगळं सांग. तेव्हा बोलला. जुलैत मध्येच एकदा तिथे जाऊन बांबू किती उघडा पडलाय ते बघायचं होतं, गरज पडली तर शेजारी नवा घालायचा होता. सात नंबर तंबूपासून लांब, त्यात पाऊस. हा लांबूनच बघून परत फिरला.

"मी नाही गेलेलो, आजी. आता पडला लिहिलं तर ऑफिसातल्या संचिता मॅडम विचारणार, जुलैत काय केलंस? दिवाळीनंतर माझं काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही, तेच ठरवणारेत त्या. नोकरी जाईल माझी."

सून विनिता मध्येच म्हणाली, "जाऊ दे ना आई. आपल्या नळाला काय तिकडचं पाणी येतं? आपलं उल्हास नदीचं."

"नळाला नाही, ताटात येतं! गणपतीत कल्याणच्या मार्केटातून हिमाचलचा वाटाणा कोण आणतं? तो पिकवणारा त्या बर्फाच्या पाण्यावर पिकवतो. तुझं पाणी किती दिवस पुरेल, हे त्याला कोण सांगणार? हा सांगणार! आणि हा सहाचं बघून सातचं सांगतो!"

मग मी घरात कोणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. माझं सासर ठाण्याच्या खाडीकाठचं. मिठागरात खुणा केलेली काठी रोवलेली असायची, खारं पाणी किती आटलं ते बघायला. सासरे तापाने आजारी. मला म्हणाले, काठी बघून ये. मी गेले, तर काठी आडवी. नवी नवरी मी, वाटलं माझ्यावरच बोल येईल. घरी येऊन ठोकून दिलं, कालच्याएवढंच आहे. पाणी जास्त आटलं होतं, उरलेलं कडू पाणी वेळेत काढून टाकायला हवं होतं. ते सगळं मीठ कडू झालं. सासरे ओरडले नाहीत. चिमूटभर माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "चाख."

"काठी पडली, एवढे दोन शब्द नाही निघाले माझ्या तोंडून," मी ऋतुराजला म्हटलं. "आणि तू तर शिकलेला! पाच मीटरचा बांबू आडवा झाला म्हणजे पाच मीटरपेक्षा जास्त बर्फ गेला ना? मग ३.९ कसं? सातांमध्ये जो सगळ्यात मोठ्याने ओरडतोय, त्याचंच तोंड दाबलंस!"

ऋतुराज मग उठला आणि त्याने मॅडमना फोन लावला. स्पीकरवर, मीच लावायला लावला. जुलैपासूनचं सगळं त्याने सांगितलं.

मग मॅडम म्हणाल्या, "जुलैचं लेखी उत्तर द्यावं लागेल. काँट्रॅक्टचं आत्ता काही बोलत नाही. पण सात पडला? अरे, यंदाची सगळ्यात मोठी नोंद लपवत होतास तू! आत्ता बदल. लिही, पाच मीटरहून जास्त, बांबू पडलेला, जुलैत पाहणी झाली नाही."

त्याने तसंच लिहिलं. एकेक शब्द मला वाचून दाखवला.

बायांनो, दादांनो, मीटर न बघता रीडिंग लिहिणारे आपणच, गच्चीवर न चढता टाकी भरली म्हणणारे आपणच. जग तापलं म्हणून सरकारच्या नावाने बोटं मोडतो. मोडा! पण किती तापलं, ते तरी खरं लिहा. दुखणं कमी सांगितलं तर औषध पुरं कोण देणार?

लॅपटॉप मिटून ऋतुराज सोफ्यावर आडवा झाला. "सुटलो! आता चालतंय ना, आजी?"

"नाही चालत! कोणी बघायला जात नाही म्हणूनच तर तुला बघायला पाठवलंय तिथे. नोकरी राहिली तर पुढच्या जुलैत सात नंबरपर्यंत पायी जायचं, हात लावून बघायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं. नाही राहिली तर दुसरी शोधशील, हातपाय धड आहेत तुझे. खोटा आकडा लिहिणारा नातू मात्र मला नको. ऊठ आता, नवीन सिलिंडर आलाय दारात. उचल, आणि भरलेला आहे का ते मला सांग!"