खालचे दोन दात

पानं वाचायची ही टूम थोरल्या नणंदेने काढली, ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली त्या वर्षी. वाचायला वर्ग उरला नव्हता, मग झाडं धरली. पानगळ सुरू झाली की दर रविवारी सकाळी तलावामागच्या रस्त्यावर तिची मंडळी जमत. चालता चालता प्रत्येकाने गळलेलं एक पान उचलायचं, बाकांपाशी गोल करून बसायचं आणि त्या पानात आपल्या आयुष्यातलं काय दिसतं ते सांगायचं. सांगून झालं की पान झाडाच्या बुंध्याशी परत ठेवायचं. एकदा वाचलेलं पान पुन्हा वाचायचं नाही, हा या थोरल्या ताईंचा नियम.

धाकटी भावजय बाबागाडी ढकलत या मंडळीत येऊन बसायची आणि मनातल्या मनात दातओठ खायची. बाकीच्यांना वाटायचं, पोर लहान आहे, झोप पुरत नसेल. झोप पुरत नव्हतीच. पण तिला खरी चीड यायची ती हळवेरावांची. हे निवृत्त पोस्टमास्तर. कुठलंही पान उचलोत, वाळलेलं, ओलं, पिवळं, भोकाचं, त्यात त्यांना आपली सूनच दिसायची. 'बघा, देठ कसा ताठ आहे,' असं म्हणून ते सुस्कारा टाकत आणि बाकीचे माना डोलावत. भावजयीला वाटे, त्या सुनेला एकदा भेटून तिची पाठ थोपटावी.

आणि दातांची डॉक्टरीण. तिने गेल्या रविवारी चॉकलेटचा सोनेरी कागद पान समजून उचलला आणि त्याच्या चमकेत तिला वडिलांचं हसू दिसलं. सगळ्यांनी डोळे पुसले. भावजयीने खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवलं. शेवटी तिला राहवलं नाही. निघताना ती डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागली, "आमच्या दुकानात जाऊन या एकदा. माझं नाव सांगा, चष्मा चांगला करून देतील."

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेमीत बसवायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर हजर नाही झाली, तर तिच्या यंत्रावर मालकाचा भाचा बसणार होता. नवऱ्याची पाळी पहाटेची. मुलीला दिवसभर ठेवायचं तर एकच घर होतं, ताईंचं. उन्हाळ्यात नवऱ्याने विषय काढला तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "आता कुठे मोकळी झालेय रे." तेव्हा भावजयीने ठरवलं, पानं तर पानं. बसू गोलात, डोलवू मान. रविवारमागून रविवार ताईंच्या नजरेत राहू, मग त्या कशाला नाही म्हणतील.

फक्त पान शोधत वाकायचं तेवढं तिने केलं नाही. कंबर धरायची आणि इच्छाही नसायची. भिंगांच्या एका जुन्या पाकिटात घालून, बाबागाडीच्या खिशात तिने एकच पान ठेवलं होतं. तांबूस, हाताच्या तळव्याएवढं, कडेला कुरतडलेलं. दर रविवारी तेच काढायचं. एकदा कुरतडलेली कड म्हणजे झोपमोडीने खाल्लेल्या रात्री. एकदा कड म्हणजे काळ. एकदा, स्वतःलाच हसू येईल असं, 'अळीनेसुद्धा सगळं खाल्लं नाही, थोडं ठेवलं.' हळवेरावांनी तर त्यावर टाळी दिली.

या रविवारी तिने पान काढलं आणि सुरुवात केली, "मला यात वाट दिसते."

डॉक्टरीणबाई शेजारीच होत्या. नव्या चष्म्यात. भिंगं अगदी चोख बसली होती, हे भावजयीने आल्याआल्या पाहून घेतलं होतं. बाईंनी मान पुढे केली, पान हातात घेतलं, उन्हाकडे धरलं.

"अहो, ही अळी नव्हे. हा चावा आहे. खालचे दोन दात, वर नुसती हिरडी." त्या कौतुकाने बाबागाडीकडे वळल्या. "आणि हे पान तर मागच्या खेपेलाही होतं ना? हा इथला डाग धूसर का होईना, आठवतोय मला."

हळवेराव आपलं पान उलटसुलट करत बसले. ताईंनी चष्म्यावरून भावजयीकडे पाहिलं, वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावं तसं, आणि म्हणाल्या, "पुढचं कोण?"

संपलं, असं भावजयीच्या मनात आलं. मालकाचा भाचा यंत्रावर रेलून बसलेला तिला दिसू लागला.

परतताना ताई तिच्याबरोबर चालू लागल्या. बाकीचे पुढे गेले.

"मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं," ताई म्हणाल्या. "अगं, तीस मुलांनी उतरवलेला एक निबंध मी ओळखत होते. एकीने चारदा वाचलेलं पान ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुठवर नेतेस ते बघत होते. काळापर्यंत नेलंस. मला वाटलं आता थांबशील."

भावजयीला हसू आलं, ते तिने गिळलं. "मुलीला तुमच्याकडे ठेवायची होती. उद्यापासून."

"ते तर तुझ्या नवऱ्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं. तू का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाल्या असतात."

"म्हणाले असते कदाचित. पण रविवारच्या रविवार तोंडावर थापा मारणाऱ्या बाईचं पोर मी सांभाळायचं, आणि संध्याकाळी तिने मला सांगायचं, ताप नव्हता हं सकाळी. कसा विश्वास ठेवायचा मी?" ताई थांबल्या. "ते पान कसलं? खरं सांग. वाट, काळ नको."

बाबागाडीत मुलगी जागी होती, स्वतःचा मोजा ओढत होती.

"पहिल्या रविवारी तुम्ही सगळे बोलत होतात," भावजय म्हणाली. "मी मनात तुम्हा सगळ्यांची टर उडवत बसले होते. खूप मजा येत होती. हिने गाडीत पडलेलं पान तोंडात घातलं. मी ओढून काढलं, रागावले, तेव्हा चावा दिसला. बोट घालून पाहिलं तर खाली दोन दात. चांगले वर आलेले. किती दिवसांचे कोण जाणे. रोज भरवते मी हिला, आणि मला दात पानावरून कळले." ती गाडीचा दांडा घट्ट धरून चालत राहिली. "ते फेकवेना. आणि सांगायचंही नव्हतं कुणाला. त्या हळवेरावांना तर मुळीच नाही."

ताई म्हणाल्या, "त्यांची सून चांगली आहे गं. जेवायला वाढते, औषध देते. बोलत तेवढी नाही. म्हणून ते इथे बोलतात."

"दर रविवारी तेच?"

"तू नाही का तेच पान आणत?"

भावजयीला रागच आला आणि तिने गाडी जरा जोरात ढकलली.

कोपऱ्यावर ताईंनी वाकून मुलीचा मोजा नीट चढवला. "सकाळी आठला आण. दूध बाटलीत, कपडे दोन जोड. झोपते कधी, रडते कशाने, सगळं खरं सांगायचं. आणि संध्याकाळी मी सांगेन ते ऐकायचं, घड्याळाकडे न बघता."

"हो."

"रविवार चुकवायचा नाही."

"ताई, आता कशाला? झालं ना ठरून?"

"नवीन पान आणायचं. दर वेळी. वाकून."

ताई आपल्या गल्लीत वळल्या. भावजय तिथेच उभी राहिली. जुनं पान तिने पाकिटात घातलं, पाकीट खिशात. मग कंबरेवर हात ठेवून वाकली आणि पायाशी पडलेलं पहिलं पान उचललं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पान होतं. यात हळवेरावांना काय दिसलं असतं ते तिला बरोबर ठाऊक होतं, आणि डॉक्टरीणबाईंनाही. तिला स्वतःला काहीएक दिसलं नाही.

गाडीतून दोन्ही हात पुढे आले. तिने देठ पुसला आणि पान मुलीकडे दिलं. यावेळी मात्र ती शेजारीच उकिडवी बसली आणि तोंडाकडे बघत राहिली.